संशोधनासाठी आलेले पाहुणे

माझी पत्नी गेली तेव्हा तिच्या विद्यार्थ्यांपैकी एकीचीच पीएच.डी. व्हायची राहिली होती. प्रबंध लिहून, बांधून विद्यापीठात जमा झाला होता, परीक्षकांचे अहवाल चांगले आले होते. तोंडी परीक्षा तेवढी बाकी होती आणि तिची मुदत महिनाअखेरीस संपत होती. मुदत टळली तर नियमाप्रमाणे प्रबंध रद्द होणार होता आणि मुलीला पुन्हा नोंदणीपासून सुरुवात करावी लागणार होती. तिची सात वर्षं त्यात गेली होती. शेवटचं वर्ष माझ्या पत्नीचंही गेलं होतं, पण त्याची नोंद नियमात नव्हती.

मी त्याच विद्यापीठात ग्रंथपाल आहे. विभागप्रमुखांनी मार्गदर्शकाच्या जागी स्वतःचं नाव घातलं आणि मला म्हणाले, "बाकी आप देख लीजिए." मी बघायला लागलो. त्या दिवसांत मला बघायला काहीतरी हवंच होतं.

प्रबंधाचा विषय होता जबलपूरच्या घरांतली मराठी. मुलगी शहरातल्या कांचघर वस्तीतली. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि या दोन्हींच्या मधल्या उंबरठ्यावर बोलली जाते ती भाषा तिने सात वर्षं टिपून ठेवली होती. परीक्षक म्हणून जे भाषातज्ज्ञ नेमले होते ते जन्मले, वाढले जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यात आणि तिथलं घर सोडून चाळीसेक वर्षांपूर्वी कॅनडाला गेले. नागरिकत्व तिकडचं. दर हिवाळ्यात नागपूरला भावाकडे येतात, तेव्हा एक दिवस इकडे यायला त्यांनी आनंदाने होकार दिला.

नेमकं त्याच वेळी विद्यापीठात एक परिपत्रक निघालं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक परीक्षकाचा 'काम करने का वैध अधिकार' परीक्षेआधी तपासावा. कुलसचिवांनी ते कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उचललं असावं, कारण त्यात मूळ पारपत्र धारकासमक्ष पाहावं, छायाचित्र चेहऱ्याशी ताडावं, असं बारकाईने लिहिलं होतं. आमच्याकडे बाहेरचा परीक्षक म्हणजे बहुधा जवळच्या सागर शहरातला. त्या महिन्यात सागरहून आलेल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे पारपत्र मागितलं गेलं. ते म्हणाले, मी मध्य प्रदेशाबाहेर फक्त सासुरवाडीला जातो. मग त्यांच्याकडे जॉब कार्ड मागितलं, कारण कामाचा अधिकार म्हटलं की आमच्या कार्यालयाला रोजगार हमीच आठवते. शेवटी त्यांनी रेशनकार्डाची छायाप्रत दिली आणि गंधकाम्लावर प्रश्न विचारण्याचा त्यांचा अधिकार सिद्ध झाला.

हे सगळं तपासायचं काम परीक्षा शाखेतल्या हेडक्लार्ककडे, बडे बाबूंकडे आलं. माणूस वाईट नाही. आयुष्यभर त्यांनी इतरांचे कागद अपुरे आहेत एवढंच शोधून काढलं आणि त्यात ते क्वचित चुकले. मी आमच्या परीक्षकांच्या ओसीआय कार्डाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. हे कार्ड म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारा आजन्म व्हिसा.

"काम कर सकते हैं?" त्यांनी विचारलं.

"करू शकतात. कर सकते हैं."

"हाँ, पर इसमें शर्त है." त्यांनी नियमांची छापील प्रत काढली, बोट ठेवलं. "शोध के लिए विशेष अनुमति लगेगी. और आपने लिखा है, शोध-प्रबंध की मौखिकी. शोध तो आ गया न?"

"ते शोध करणार नाहीत हो, दुसऱ्याने केलेला तपासणार आहेत."

"शोध को हाथ तो लगाएँगे?"

माझ्यासोबत ती मुलगी उभी होती. ती म्हणाली, "बाबूजी, सर इथलेच आहेत ना. गोरखपुर में पैदा हुए हैं."

"बेटा, जन्म का प्रश्न नहीं है, अधिकार का प्रश्न है."

विशेष परवानगीचा अर्ज परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे करायचा होता. किती दिवस लागतात, असं विचारल्यावर बडे बाबूंनी पंख्याकडे पाहिलं. आमच्याकडे अकरा दिवस होते.

जिन्यात मुलगी म्हणाली, "काका, दुसरा परीक्षक नाही का मिळून राहिला?"

"नवीन नेमायला कुलगुरूंची सही. तीन महिने."

"मग काहून बोलावलं मॅडमनी यांनाच?"

याचं उत्तर मला माहीत होतं. माझ्या पत्नीचं म्हणणं होतं की ज्याच्या तोंडात ही भाषा अजून आहे अशाच माणसाने तिची परीक्षा घ्यावी. पण ते मी बोललो नाही. मुलीला त्या वेळी कारण नको होतं, सही हवी होती.

दोन दिवसांनी मी विभागाकडून नवीन पत्र तयार केलं. त्यात काही युक्ती होती असं म्हणून पुढे मला बऱ्याच जणांनी श्रेय दिलं. ते खरं नाही. घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्या महिन्यांत जे हातात येईल ते मी मराठीत लिहीत होतो, वाणसामानाची यादीसुद्धा. तसंच हे पत्रही मराठीत लिहून गेलो. 'पाहुणे प्राध्यापक सदर विद्यार्थिनीच्या संशोधनासंदर्भात तोंडी परीक्षेसाठी येत आहेत.' विभागप्रमुखांनी न वाचता सही केली. न वाचता सही करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

बडे बाबूंनी पत्र वाचलं. लिपी एकच, त्यामुळे वाचायला अडचण नव्हती. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला.

"अच्छा! संशोधन के लिए आ रहे हैं! तो पहले बोलते. शोध के लिए अनुमति लगती है, संशोधन के लिए कहाँ लगती है?"

मला समजायला एक क्षण लागला. हिंदीत ज्याला शोध म्हणतात त्याला आपण संशोधन म्हणतो. आणि हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. बडे बाबूंच्या समजुतीने कॅनडाहून एक गृहस्थ शुद्धलेखन तपासायला येत होते.

मी गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं. त्यांनी नस्तीवर टिपण लिहिलं, 'परीक्षक संशोधन हेतु पधार रहे हैं, आपत्ति नहीं.'

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी पाहुणे आले. आधी चेहरा तपासणी झाली. कार्डावरच्या फोटोत दाढी होती, समोरच्या माणसाला नव्हती.

"दाढ़ी कहाँ गई?"

"कॅनडात राहिली," पाहुणे म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "अहो, लहानपणी इथल्या ओमतीच्या पोलीस ठाण्यातही मला एवढं कोणी पाहिलं नव्हतं."

कपाळ, कान आणि डाव्या गालावरचा तीळ यांच्या आधारे ते तेच आहेत असं ठरलं.

तोंडी परीक्षा दोन तास चालली. शेवटी शेवटी परीक्षा राहिलीच नाही. पाहुण्यांनी विचारलं, "काहून म्हणणारी पिढी किती दिवस टिकणार?" मुलगी म्हणाली, "सर, माझी भाची समजते सगळं, पण बोलत नाही. मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते." "म्हणजे भांडण होत नसेल," ते म्हणाले. "होते ना सर. ते दोन्ही भाषांत होते." त्यांनी अहवालात लिहिलं: प्रबंध आहे तसा स्वीकारावा, दुरुस्तीची गरज नाही.

हा अहवाल घेऊन आम्ही तिघं बडे बाबूंकडे गेलो. त्यांनी तो वाचला, नस्ती उघडली, टिपण वाचलं, पुन्हा अहवाल वाचला.

"संशोधन कहाँ है?"

"दुरुस्तीची गरज नाही असं लिहिलंय त्यांनी."

"तो ये आए किस लिए थे?" ते खरोखर काळजीत पडले होते. "देखिए, संशोधन के लिए आए और संशोधन किया नहीं, तो फिर इन्होंने शोध किया. शोध किया तो बिना अनुमति काम किया. मौखिकी शून्य हो जाएगी."

कार्यालय बंद व्हायला तास उरला होता. त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील तक्ता काढला. तीन रकाने होते: पृष्ठ, अशुद्ध, शुद्ध.

पाहुणे म्हणाले, "एखादा स्वल्पविराम काढून टाकतो मी."

"विराम नहीं चलेगा सर. शब्द चाहिए."

आम्ही बाकावर बसून प्रबंध चाळायला लागलो. माझ्या पत्नीने तो चार वेळा वाचला होता, शेवटच्या वेळी दवाखान्यात, उशीला टेकून. तीनशे पानांत एक वेलांटी चुकलेली सापडेना. पाहुणे पान उलटत म्हणाले, "फारच छळलं हो तुमच्या बाईंनी आम्हाला." मुलगी हसली आणि लगेच रडवेली झाली. घड्याळ पुढे सरकत होतं.

मी उलटं चाळत सुरुवातीच्या पानांवर आलो. ऋणनिर्देशात लिहिलं होतं, 'मॅडम माझ्या प्रत्येक ओळीच्या पाठीशी उभ्या आहेत.'

मी बोट ठेवलं. मुलीने पाहिलं आणि मान हलवली.

"नाही काका. ते नाही. लिहिलं तेव्हा खरं होतं."

"तेव्हा होतं."

"मी दुसरा शब्द चुकवते ना. कुठला पण. आपण चूक करू, मग सुधारू."

"चार वेळा वाचलंय तिने," मी म्हणालो. "त्यात आता आपण चूक घालायची?"

तिने तक्ता माझ्याकडे सरकवला. पाहुणे खिडकीतून बाहेर पाहत होते. मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि तक्ता भरला. पृष्ठ पाच. अशुद्ध: आहेत. शुद्ध: होत्या.

पाहुण्यांनी सही केली. बडे बाबूंनी तक्ता जवळ धरून वाचला.

"टाइपिंग की गलती थी?"

"जी."

"होता है," ते म्हणाले आणि शिक्का मारला. मग आठवण झाल्यासारखं म्हणाले, "पाँचों प्रतियों में हाथ से सुधार दीजिए. बाकी बधाई हो बेटा, डॉक्टर हो गईं आप."

मुलगी त्यांच्या पाया पडली, पाहुण्यांच्या पडली. माझ्याजवळ आली तेव्हा मी आधीच टेबलाशी खुर्ची ओढून बसलो होतो. पहिल्या प्रतीत 'आहेत'वरची रेघ वाकडी गेली. दुसरीत शाई पसरली. पाचव्या प्रतीपर्यंत अक्षर नीट येऊ लागलं.