लिंडसेच्या लाल रेघा

गुरुवारी सकाळी नेरिडा पॅस्को बेसिनपाशी उभी राहून करपलेला टोस्ट सुरीने खरवडत होती. एकट्या बाईने सवयीने दोन टोस्ट लावायचे आणि दोन्ही करपवायचे, हे तिला अलीकडे चांगलंच जमायला लागलं होतं. बाहेर कुंपणावर गुलाबी पोपट थंडीने फुगून भांडत बसले होते. गव्हाच्या कोवळ्या पिकावर हिवाचा पांढरा थर अजून तसाच होता. चहाची किटली नुकती कुठे बोलायला लागली होती, तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

बूलिंडी गावात पुढचं दार वाजवतात ते पाद्री आणि पोलीस. मागच्या दारावर थाप म्हणजे ओळखीचं माणूस. तरीही तिच्या हातातली सुरी थांबली.

"घराला आग लागलीय की न्याहारी चाललीय?" बाहेरूनच आवाज आला.

"न्याहारी. खाणार का?"

"नको बाई, माझे उरलेले दात मला हवेत."

मर्व हॅड्रिकने बूट पायरीवर काढले, टोपी खुंटीला अडकवली आणि मोज्यांवर आत आला. एका अंगठ्याला भोक पडलं होतं. घरी विमान बांधणाऱ्यांचा जो क्लब बूलिंडीच्या मातीच्या धावपट्टीवर होता, त्याचा तो म्होरक्या. कुणाचंही विमान बांधून झालं की पहिलं उड्डाण मर्वने करायचं, हा तिथला शिरस्ता. बांधणाऱ्याचा हात थरथरतो, मर्वचा थरथरत नाही, असं सगळे म्हणत.

"बस तरी," नेरिडा म्हणाली.

"बसतो. आधी बातमी ऐक. विमानांचा तपासनीसबाबा लिंडसेच्या विमानाला हो म्हणाला! थोड्या वेळात ट्रेलर येईल. विमान धावपट्टीवर नेतो, शनिवारी पोरं पंख चढवतात, आणि रविवारी न्याहारीला आजूबाजूच्या गावांतली विमानं जमली, की सगळ्यांसमोर..." त्याने तळहात टेबलावरून हळूच उचलला आणि चहाच्या बरणीवरून नेला. "दफनभूमीवरून एक फेरी मारायची. लिंडसेवरून. मग अंडी-बेकन. तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय."

नेरिडाने किटली उतरवली. कपात पाणी ओतताना थोडं बशीत सांडलं. "हो का," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मर्वला वाटलं, तिला रडू येत असेल. तो खिडकीबाहेर बघू लागला. बायकांच्या डोळ्यांतलं पाणी बघायचं नसतं, असं तिथल्या पुरुषांना लहानपणापासून वाटत आलेलं असतं.

लिंडसे पॅस्को गव्हाच्या कोठारावर वजनकाटा सांभाळायचा. मितभाषी, इतका की लग्नात पाहुण्यांनी घास तोंडात घालेपर्यंत त्याचं भाषण संपलं होतं. मुलगी शिकायला शहरात गेली, त्या वर्षी समुद्रापलीकडून लाकडी खोक्यांत एका विमानाचे पत्रे आले आणि मागच्या टिनाच्या शेडमध्ये रचले गेले. नेरिडाने तेव्हा कपाळावर हात मारला होता. शाळेच्या कँटीनमध्ये दिवसभर पोरांना सँडविच विकून आलेल्या बाईला संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "जरा आत शिरतेस का?"

आत म्हणजे विमानाच्या शेपटीत. पत्रे जोडणारी खीळ, म्हणजे रिव्हेट, ठोकणं एकट्याचं काम नाही. एकाने बाहेरून हातोडा चालवायचा, दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा दाबून धरायचा. शेपटीच्या निमुळत्या नळकांड्यात मावेल असं त्या घरात एकच माणूस होतं. ती उशी घेऊन आत आडवी व्हायची. रिव्हेट नीट बसला की तिने पत्र्यावर दोन टकटका द्यायच्या, पुन्हा मार असं असेल तर एक. त्या आवाजाने तिचा डावा कान गेला. पण घरात जेवढं बोलणं झालं नसेल, तेवढं त्या दोघांचं त्या पत्र्यातून झालं. एखाद्या संध्याकाळी भांडण झालेलं असलं, तर ती मुद्दाम एकच टकटक देत राहायची. मार म्हणावं, पुन्हा मार!

आणि नट-बोल्ट आवळले की त्यावर लाल रंगाची रेघ ओढायची. छोट्या नळीतून येतो तो रंग, वाळला की कडक होतो. नटापासून पत्र्यापर्यंत एक रेघ. तिचा अर्थ सगळ्या जगात, विमान बांधणाऱ्या प्रत्येक शेडमध्ये एकच: हा मी मापाने आवळला, तपासला, आता याला हात लावू नका. रेघ म्हणजे शब्द. तो देणाऱ्याला कुणी उलटून विचारत नाही.

शेवटच्या दीड-दोन वर्षांत लिंडसे बदलला. रिकामी किटली गॅसवर ठेवायचा. वजनकाट्यावरून घरी येणाऱ्या सरळ रस्त्यावर एकदा गाडी बाजूला लावून बसला होता, कुठे वळायचं ते आठवेना म्हणून. शहरातल्या डॉक्टरने आजाराचं जे नाव घेतलं ते नेरिडाने मुलीखेरीज कुणालाही सांगितलं नाही. क्लबात म्हणायची, "अहो, कान गेलेत त्याचे, माझ्यासारखेच." गप्प माणसाचं हेच असतं, आतून दिवे जात राहिले तरी बाहेर कुणाला अंधार दिसत नाही.

संध्याकाळ झाली की तो घाबराघुबरा व्हायचा, दारं हलवायचा, "मला घरी जायचंय" म्हणायचा. अशाच एका संध्याकाळी तिने त्याच्या हातात ती लाल रंगाची नळी दिली. तो शेडमध्ये गेला आणि शांत झाला. एकेका नटापाशी वाकून रेघ ओढू लागला. आवळलेल्या, न आवळलेल्या, नुसत्या बोटाने फिरवून ठेवलेल्या. पाना खिळ्यालाच लटकत होता. नेरिडा दारात उभी राहून बघत होती. तिला कळत होतं. पण कितीतरी महिन्यांनी त्याचे खांदे खाली आले होते. नळी संपली की ती नवी आणायची.

मे महिन्यात, थंडी सुरू होता होता, न्यूमोनियाने तो गेला. क्लबची एक रीत होती, मागे अर्धं विमान राहिलं तर ते सगळ्यांनी मिळून पुरं करायचं. अंत्यविधीनंतरच्या दुसऱ्याच शनिवारी पुरुष आपापल्या पेट्या घेऊन हजर झाले. नेरिडाने स्कोनचे छोटे गोड पाव भाजले, जॅम काढला. मनात म्हणाली, आज सापडेल. नट हाताला लागेल, सैल निघेल, मग मी सांगेन. पण पुरुष वाकून बघत, लाल रेघ दिसली की पुढे सरकत. "लिंडसेचं काम! इथे बघायचं काय?" पुढच्या शनिवारीही तेच. मर्व स्वतः शेपटीत टॉर्च मारून म्हणाला होता, "अशा रेघा मला जन्मात ओढता येणार नाहीत." या शेडमध्ये इतक्या वर्षांत काही पुरं झालं नव्हतं, आताही होणार नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आणि आता ट्रेलर निघाला होता.

"चहा राहू दे," नेरिडा म्हणाली. "चल माझ्याबरोबर."

"बाहेर हिव आहे, कोट तरी..."

"चल म्हणते ना!"

मर्व बूट न घालताच तिच्यामागे गेला. शेडचा दरवाजा कुरकुरत उघडला. पंख भिंतीला टेकवलेले, मधोमध विमानाचं धड आपल्या तीन चाकांवर उभं. नेरिडाने खिळ्यावरचा पाना काढून मर्वच्या हातात ठेवला आणि शेपटीवरच्या सुकाणूच्या बिजागरीकडे बोट दाखवलं. "लाव तिथे."

"रेघ आहे की त्यावर."

"लाव."

मर्वने वेडीची समजूत काढावी तसं हसून पाना लावला. जोर द्यायला मनगट वळवलं, आणि नट घरंगळल्यासारखा फिरला. लाल रंगाचा पापुद्रा सुटून खाली पडला. मर्वने पाना बाजूला ठेवला. पुढचा नट त्याने बोटांनी धरला. तोही फिरला. तिसरा घट्ट होता. चौथा फिरला.

तो उठला नाही, तिथेच सिमेंटवर बसला, भोकाच्या मोज्यांतले पाय पसरून.

"सगळे?" त्याने विचारलं.

"कुठले खरे, कुठले खोटे, मला नाही सांगता येणार. जुने खरे आहेत. मी होते ना आत. पण शेवटचे... त्याला कळत नव्हतं, मर्व. माझं नावही कधीकधी कळत नव्हतं."

"आणि तू स्कोन वाढत होतीस."

नेरिडाने मान डोलावली.

"रविवारी मी बसणार होतो यात. मी!" मर्वचा आवाज पत्र्यावर आदळून परत आला. "सुकाणू हवेत निखळलं असतं तर त्याच दफनभूमीत खड्डा पडला असता, वेगळा खणायचीही गरज नव्हती. जॅम पुढे केलास, तेव्हा एक शब्द बोलता आला नाही तुला?"

"नाही आला."

"का?"

"एकदा बोलले असते की मग तुम्हा सगळ्यांना तो तसाच आठवला असता. तोंडातून लाळ गळणारा. चाळीस वर्षं धड होता, ते कुणाला आठवलं असतं?"

मर्वने चेहऱ्यावरून हात फिरवला. मग हळू म्हणाला, "मीही पाना लावला नाही. टॉर्च मारला आणि वा वा केलं. माझीही अक्कल गहाण पडली होती." मग पाना उचलून म्हणाला, "ठीक आहे. हे उडणार नाही. पोरांना सांगतो, नेरीने नाही म्हटलं. तिचा जीव होईना, एवढंच. आपल्या दोघांत राहील."

नेरिडाला हायसं वाटलं. हेच तर ती मागणार होती. लोक म्हणतील हट्टी म्हातारी, कंजूष म्हातारी, म्हणू देत. ती वळून दरवाजा ओढायला गेली, तेवढ्यात मर्व एकदम म्हणाला, "ब्रायस."

"काय ब्रायस?"

"गेल्या हिवाळ्यात ब्रायस लिंडसेला स्वतःच्या शेडमध्ये न्यायचा ना? मदतीला म्हणून? दर मंगळवारी?"

नेरिडाचा हात दरवाजावरच राहिला. ब्रायस क्लबातलाच, तेव्हा स्वतःचं विमान बांधत होता. तो गाडी घेऊन यायचा, "काका, चला, तुमच्या सोन्याच्या हातांची गरज आहे" म्हणायचा, आणि त्या दुपारी तिला झोपायला मिळायचं. तेवढीच एक झोप आठवड्यात. जाताना लिंडसेच्या खिशात नळी तिनेच घातली होती, परक्या घरी घाबरू नये म्हणून.

"त्याचं विमान उडतंय, नेरी. परवाच पोरीला घेऊन समुद्रावर गेला होता."

"फोन कर," ती म्हणाली. "इथूनच कर. आत्ता!"

मर्वने खिशातून फोन काढला. घंटी वाजत राहिली, कुणी घेईना. नेरिडा चांगला कान त्या आवाजाकडे करून उभी होती. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला, मागे मेंढ्या ओरडत होत्या.

"कुठे आहेस?... कुंपणाच्या कामावर? आणि विमान?... आत आहे ना? मग ऐक, त्याला हात लावू नकोस. बसायचं नाही, ढकलायचं नाही, काही नाही... का ते तुला येऊन सांगतो... नाही रे, मी पिऊन बोलत नाहीये."

त्याने फोन ठेवला. रस्त्याच्या वळणावर ट्रेलरचा खडखडाट ऐकू येऊ लागला होता. दोघंही त्याकडे बघत नव्हते.

"आता आपल्या दोघांत राहायचं नाही हे," मर्व म्हणाला. "तो आणखी कुणाकुणाकडे बसला होता, काय माहीत. क्लबातल्या प्रत्येकाला सांगावं लागेल. आजच. त्याला काय झालं होतं तेही."

"माहीत आहे मला."

"तुला यायचंय का बरोबर?"

"नको. मी घरोघर फोन करते, कुणाकडे गेला होता ते विचारते. मला आठवतील तेवढे दिवस सांगते." तिने सिमेंटवरचा लाल पापुद्रा चपलेने बाजूला सारला. "नळ्या मीच आणून दिल्या, हेही सांग. ते माझ्या नावावर असू दे."

"सांगतो."

"आणि मर्व, एवढं ऐक. चुकला म्हण, भ्रमिष्ट झाला होता म्हण, त्याच्यामुळे आपण मरता मरता वाचलो म्हण. पण त्याला बिचारा म्हणू नकोस."