पाच हंसांचा परवाना

सरकारदरबारी लेखी नोंद आहे की, मी पाच हंस मारायला लायक माणूस आहे. हंसांना मात्र ही नोंद कोणी दाखवली नव्हती.

मी तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला हे लिहायचं आणि खाली सही ठोकायची, एवढंच माझं काम. सही मोठी झोकदार होती. (तिच्यापायीच पुढचं सगळं घडलं.) सासुरवाडी बदलापूरची, बेलवलीला. सासरे वारले होते. शेती सासूबाई आणि मेहुणा गणपत बघायचे. त्या वर्षी भात ऐन कापणीत पावसाने आडवं झालं आणि घराची सगळी भिस्त नदीकाठच्या हरभऱ्यावर आली. हरभऱ्याने चार पानं धरली आणि आभाळातून जंगली हंस उतरले. दहा-वीस नव्हे, अख्खं शेत करडं दिसेल इतके! उजाडता उजाडता यायचे, कोवळे शेंडे खुडायचे आणि ऊन चढलं की नदीत जाऊन बसायचे. बायकोला घेऊन मी गेलो तेव्हा सासूबाई बांधावर बसून रडत होत्या.

"अजून आठ दिवस असंच चाललं तर खायाचं काय?" त्या म्हणाल्या.

त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की अर्ज लिहावासा वाटतो.

"अर्ज कशाला, भावजी?" गणपत म्हणाला. "बापाची ठासणीची बंदूक हाय. ठासतो आन् उडवतो बार!"

"अरे, कायदा आहे! पाखरांनासुद्धा कायदा आहे. विचारल्याशिवाय मारलंस तर आत जाशील."

"मंग हरभरा खाताना त्यांनी कुणाला इचारलं?" सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं. याचं उत्तर कायद्यात नव्हतं.

मी कल्याणच्या कचेरीत गेलो. अर्ज इतका सुंदर झाला होता की कारकुनाने तो दोनदा वाचला. मग चष्मा वर करून म्हणाला, "बंदूक कोणाची?"

"मेहुण्याची."

"शेत?"

"सासूबाईंचं."

"मग अर्जदार म्हणून सही तुमची कशी?"

"सवयीने," मी म्हणालो.

"आता खोडाखोड चालणार नाही. परवाना तुमच्या नावाने निघेल आणि बारही तुम्हीच काढायचा."

परवान्यात लिहिलं होतं : मुदत सात दिवस. हंस पाच, सहावा नाही. सूर्योदयाआधी बार काढायचा नाही. मेलेला प्रत्येक हंस पोलीस पाटलाला दाखवायचा. आणि शेवटी, एकही मेला नाही तरी तसा अहवाल पाठवायचा. (कारकून माणसं ओळखून होता!)

त्या सातांपैकी सहा दिवस कारखान्याने रजा दिली नाही. उरला रविवार. हरभरा अर्ध्यावर आला होता. रविवार हुकला असता तर उरलेलाही गेला असता. शनिवारी घरी हिने विचारलं, "बंदुकीचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते तरी ठाऊक आहे का?" मी तडक उठलो. उल्हासनगरच्या कॅम्पात गेलो आणि एका सिंधी दुकानदाराकडून जुना लष्करी ओव्हरकोट घेतला. मी पाच फूट दोन इंच. कोट सहा फुटी सोजिराचा.

"साईं, अफसर का कोट है!" दुकानदार म्हणाला. "शेर भी सलाम करेगा!"

रविवारी तांबडं फुटायच्या सुमारास आम्ही तिघं शेताकडे निघालो, तर पुढे शेतच नाही! नदीवरून धुकं आलं होतं आणि बांध, झाडं, वाट सगळं पुसून गेलं होतं. सासूबाई थांबल्या. डोक्यावरून पांढरी घोंगडी घेतलेली, हातात बडवायला घमेलं.

"जावयबापू, एक ध्यानात ठेवा. ह्या नदीच्या धुक्यात कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाय. तिसऱ्या हाकेला द्यायची. माणूस तीनदा हाक मारतो. *ते* दोनदाच मारतात."

"ते म्हणजे कोण?"

"नाव काढू नका!" गणपत दबक्या आवाजात म्हणाला.

मी हसलो. (हे हसू मला अजून आठवतं, कारण त्यानंतर त्या दिवशी मी हसलो नाही.)

गणपत नदीकडच्या टोकाला गेला. सासूबाई वरच्या बांधाला. मी मध्ये, एका हातात बंदूक, दुसऱ्यात परवाना. थंडी अशी की मी कोटाची कॉलर उभी केली आणि डोकं आत घेतलं. वरच्या दोन बटणांमधून बाहेर बघत उभा राहिलो.

समोर हंस होते. दिसत नव्हते, ऐकू येत होते. म्हातारी माणसं मयताच्या घरी बसून हळू बोलतात तसं काहीतरी चाललं होतं. मधूनच एखादा मोठ्याने बोले आणि बाकीचे गप्प होत. घड्याळात बघितलं, सूर्योदय होऊन पाच मिनिटं झाली होती. सूर्याचा पत्ता नव्हता. आता हा सूर्योदय धरायचा की नाही? गणपतला विचारावं म्हणून मी हाक मारली, "गणपत!"

उत्तर नाही.

"गणपत!"

उत्तर नाही. तिसरी हाक मारायला तोंड उघडलं आणि मनात आलं, दोन हाकांना ओ आली नाही, म्हणजे तिथे गणपतच नसला तर? तिसऱ्या हाकेला भलत्यानेच ओ दिली तर? मी तोंड मिटलं.

तेवढ्यात नदीकडून आवाज आला. "भावजी!"

मी गप्प.

"भावजी!"

मी श्वास धरून तिसऱ्या हाकेची वाट बघितली. ती आली नाही. हंसही एकदम गप्प झाले, सगळेच्या सगळे. तसली शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. मी परवाना छातीशी घट्ट धरला.

आणि मग वरच्या बाजूने धुक्यातून काहीतरी पांढरं चालत आलं. त्याला तोंड नव्हतं. पोटाशी काहीतरी गोल धरलं होतं. दहा पावलांवर येऊन ते थांबलं.

"जावयबापू?" ते पुटपुटलं. मी ओ दिली नाही.

"जावयबापू?"

आता तिसरी! तिसरी हाक मार, बये, मी मनातल्या मनात म्हणत होतो. पण ते एक पाऊल मागे सरलं आणि थरथरायला लागलं. मी परवाना पुढे धरून चाप ओढला. (नेम आभाळावर होता, तेवढी अक्कल शिल्लक होती.) धुक्याने दारू सादळलेली. 'फुस्स' असा आवाज झाला आणि बंदुकीतून सुताएवढा धूर निघाला.

मग मी ओरडलो. असा ओरडलो की माझा मलाच तो आवाज अनोळखी वाटला! त्यासरशी अख्खं शेत उठलं. हजारो पंख डोक्यावरून गेले, धुकं हललं, आणि तेवढ्या फटीतून मला घोंगडीतल्या सासूबाई दिसल्या. त्यांना समोर काय दिसत होतं? उंच, काळं, बिनमुंडक्याचं काहीतरी, हातात कागद धरून किंचाळणारं!

"अहो, मी आहे!" मी म्हणालो.

"तीनदा बोल!" घमेलं उगारून त्या गरजल्या.

"मी आहे!" दुसऱ्यांदा म्हणालो, आणि उचकी लागली.

तिसऱ्याच्या आत घमेलं बसलं.

शुद्धीवर आलो तेव्हा ऊन पडलं होतं. सासूबाई माझ्या कपाळावर हळद दाबत रडत होत्या, गणपत शेताकडे बघत होता. शेतात एकही हंस नव्हता. त्या हिवाळ्यात ते परत आले नाहीत आणि अर्धा हरभरा वाचला.

"तू दोनदाच का रे हाक मारलीस?" मी गणपतला विचारलं.

"मी?" त्याचा चेहरा उतरला. "तुमची हाक ऐकून मी बांधाआड निजलो होतो, भावजी. तोंडात मुंडासं कोंबून. मी हाक मारलीच नाय."

आम्ही तिघंही मागे न बघता घराकडे निघालो. धुक्याच्या दिवसांत मी आजही नदीकडे पाठ करून चालतो.

अहवाल मी नियमाप्रमाणे पाठवला : मेलेले हंस – नाहीत; जखमी – अर्जदार; पळवून लावण्याचं साधन – आरडाओरड. कचेरीतून उत्तर आलं की आरडाओरडीला परवाना लागत नाही, यापुढे अर्ज करू नये.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हरभरा उगवला, पुन्हा हंस उतरले, आणि बेलवलीहून सासूबाईंचा निरोप आला : "बंदूक नको, परवाना नको. जावयबापूंना धाडा. त्यांना सवड नसली तर नुसता कोट धाडा, तेवढ्यानं भागंल."

मी कोट धाडला. भागलं.