बाबांची जळजळ आणि तिकोणा पेठेतलं लवकरचं जेवण

बाबांना घेऊन मावळात जायचं ठरलं ते त्यांच्या छातीतल्या जळजळीमुळे. वर्षापूर्वी आई गेली आणि तेव्हापासून त्यांचं पित्त खवळलं ते खवळलंच. दुर्बिणीची तपासणी झाली, गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. बाबा मान डोलवायचे आणि रात्री दहाला जेवून आडवे व्हायचे. मी कोथरूडला, ते चिंचवडला एकटे. फोनवर ओरडून कुणी सुधारतं का? म्हणून दोन दिवस त्यांना माझ्या ताब्यात घ्यायचं ठरवलं.

शनिवारी जुन्या हायवेने निघालो. कामशेतला डावीकडे पवनानगरचा फाटा लागतो. पुढचा रस्ता बरा आहे, पण वळणांचा, तेव्हा आंबट पाणी वर येणाऱ्यांनी भरल्या पोटी गाडीत बसू नये. आम्ही घरूनच केळी आणि भाजलेले पोहे घेतले होते. कामशेतच्या वडापावच्या गाडीकडे बाबांनी असं काही पाहिलं, की मी पोह्यांचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

तिकोणा गडाच्या पायथ्याशी, तिकोणा पेठ गावात एका शेतकरी घरातच राहिलो. खोली साधी, स्वच्छ. जेवणासकट माणशी हजाराच्या आत. घरच्या मावशींना आधीच कळवलं होतं, तिखट नको, तेल बेताचं. त्यांनी इंद्रायणीचा मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधीची भाजी केली होती. दुपारी जेवल्यावर मी बाबांना आडवं होऊ दिलं नाही, जवळच्या धरणाच्या पाण्यापर्यंत चालवत नेलं. आईला पाणी बघायला आवडायचं, एवढंच ते म्हणाले. थंडीचे दिवस, भाताची खाचरं कापून मोकळी पडलेली. मलाही आईची फार आठवण आली.

दिवेलागणीला मावशींनी ताटं मांडली. बाबा म्हणाले, तुम्ही बसा, मी मागून जेवतो. माझं डोकं फिरलं. इतक्या लांब येऊन पुन्हा तेच! मी बोलायला तोंड उघडणार, तोच मावशींनी विचारलं, "आबा, कुनी यायचंय का मागनं?"

बाबांनी दाराकडे पाहिलं.

"हिची आई यायची," ते म्हणाले. "दहाला. ती आली की आम्ही जेवायला बसायचो, मग बारापर्यंत गप्पा."

आई शेवटपर्यंत दवाखान्यात नर्स होती, तिची कायम दुपारपाळी. आम्हा भावंडांना बाबा लवकर जेवू घालून झोपवायचे. ते दोघं कधी जेवतात, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. वर्षभर मी ज्याला हट्ट समजत होते, ते बाबांचं थांबणं होतं. मला रडू आवरेना.

मावशींनी मात्र काही सांत्वन वगैरे केलं नाही. आणखी एक ताट घेतलं, त्यात दोन घास भात आणि वरण वाढलं, आणि ते बाबांच्या शेजारी ठेवलं.

"आमच्या घरात गेलेल्या मानसाचं पान आदी काढत्यात, मंग आपन बसायचं," त्या म्हणाल्या. "त्यांचं झालं वाडून. आता तुमी जेवा."

बाबा त्या ताटाकडे पाहत सावकाश जेवले. मग आम्ही अंगणात शेकोटीपाशी बसून राहिलो. झोपताना मावशींच्या मुलाने खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावून दिल्या. नुसत्या उशा वाढवून मान अवघडते, विटांनी अख्खी छाती वर राहते. बाबा डाव्या कुशीवर झोपले ते थेट उजाडेपर्यंत.

रविवारी दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याला आलो. भुशी धरणावर या दिवसांत गर्दी नसते, आणि पायऱ्यांवरून वाहणारं पाणीही नसतं. भज्यांच्या वासाने माझाच जीव खालीवर झाला, पण बाबांनी नुसतं उकडलेलं कणीस घेतलं, तेही मीठ-मिरचीशिवाय. शेजाऱ्यांसाठी चिक्की घेतली आणि संध्याकाळच्या आत घरी पोचलो.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. बाबा सातला आईचं पान काढतात आणि जेवतात. उठल्याउठल्या चहा बंद केलाय, पलंगाखाली विटा आहेत. डॉक्टरांनी गोळी कमी केली. पथ्य अवघड नसतं, आपण मोडतो ते का, तेवढं कळावं लागतं. मला ते कळायला एक परकं घर लागलं.

मागच्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा विचारलं, आता कसं वाटतं?

"जळजळ गेली," बाबा म्हणाले. "पण पूर्वी दहा वाजायला आले की भूक लागायची, कान दाराकडे असायचे. आता दहा कधी वाजून जातात, कळतच नाही गं."