चिंचेखालची जागा

मी चुकीच्या जागेकडे बोट दाखवलं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या बाकीच्या सगळ्या फजित्या पाठ आहेत.

आमचं गाव आता नाही. चाकणच्या बाजूला, लहानसं, पण बाजाराचं. दर बुधवारी बैल, बांगड्या, भेळ. जमीन कंपनीला गेली, माणसं तळवड्याला, काळेवाडीला पांगली. आणि मी? त्याच कंपनीत स्टोअरला चिकटलो. चहाच्या सुट्टीत नव्या पोरांना सांगायचो — हे कॅन्टीन म्हणजे आमची चावडी, ते पार्किंग म्हणजे बैलबाजार. निम्मं ठोकून द्यायचो. बुलडोझर फिरल्यावर कुणाला काय आठवणार? पण ऐट अशी, की अख्ख्या गावाचा सातबारा माझ्याच खिशात.

ही कीर्ती आमच्या गावच्या सरूकाकूपर्यंत गेली. काकू काळेवाडीत लेकाकडे राहते. तिची पहिली मुलगी तीन महिन्यांची असताना गेली, ओढ्याकाठी चिंचेखाली पुरली होती. ओढा बुजवला, चिंच तोडली. सपाटीवर काकूला दिशाच कळेना. तिला दुसरं काही नको होतं — फक्त ती जागा.

दसऱ्याला मशिनींची पूजा असते, घरच्यांना आत सोडतात. काकूला नेलं. सोबत गावचे चार जण, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. ‘मला माहीत नाही’ — तीन शब्द होते, राव. निघाले नाहीत. जनरेटरमागच्या हिरवळीकडे हात केला. म्हटलं, हीच.

काकूनं चपला काढल्या. वाटीभर दूध ओतलं. मग गवतावरून हात फिरवत बसली — थोपटत होती.

पुढच्याच वर्षी स्टोअरचं कपाट आवरताना गावच्या जमिनीचा जुना नकाशा सापडला. ओढ्याची रेघ, काठावर झाडाची खूण. तिथं आता ट्रकचा वजनकाटा आहे. दिवसभर त्यावर भरलेल्या गाड्या चढतात.

कसं सांगायचं, असं मी स्वतःला विचारत आलो. कसं म्हणजे काय — तोंडानं! नऊ दसरे झाले. दरवेळी मीच तिला हिरवळीवर नेतो.

यंदा तिचे गुडघे गेलेत. हात धरून नेली. दूध ओतून झालं, तिनं पदरानं डोळे पुसले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "दळान आणाय धाडलं तर डबा इसरून यायचास. समदं गाव तुला येडं म्हनायचं, मीबी म्हनायची. पर येवढं येक बरूबर ध्यानात ठिवलंस, मुडद्या."