पऱ्हाटीतली लढाई

किन्हीराजा गावच्या सोजरबाईला अमेरिका कुठे आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. मालेगावच्या बाजाराच्या पलीकडे कुठेतरी, एवढं तिला पुरे होतं. पण त्या देशाचे दोन तुकडे होऊन भाऊ भावावर बंदूक घेऊन धावला, ती लढाई तिने नानाजींच्या वावरात, भर उन्हात, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमधून अशी काही लढवली की तिकडच्या सेनापतींनी येऊन चार गोष्टी शिकून जाव्यात.

बाई तशी साधी वेचणीवाली. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचायचा, पावसाळ्यात निंदण करायचं आणि बारा महिने बोलायचं. तिचे हात आणि तोंड एकाच दोरीला बांधलेले होते. तोंड थांबलं की हातही थांबत. नानाजींनी एकदा तिला दमात घेऊन गप्प बसवलं, तर संध्याकाळी तिची कमरेला बांधलेली कापसाची ओटी अर्धीच भरली. तेव्हापासून ते तिच्या नादी लागले नाहीत. गावातले सगळ्यात मोठे वावरवाले ते, पण शहाणे होते.

सन एकोणीसशे चौतीसच्या हंगामात गावच्या शाळेवर किसनसिंग गुरुजी आले. त्यांच्याजवळ एक जाडजूड पुस्तक होतं आणि ते एकट्याने वाचणं त्यांना पाप वाटे. दिवस मावळला की शाळेच्या ओट्यावर बसून ते जगातल्या मोठमोठ्या घडामोडी सांगत. पुरुष पुढे, बाया मागे भिंतीशी. सोजरबाई विहिरीवर निघालेली असायची. घागर रिकामी घेऊन यायची आणि रिकामीच घेऊन जायची. घरी तिचा नवरा जानराव तहानलेला बसे. त्या बिचाऱ्याने लग्नाच्या मांडवातच हार मानलेली होती.

ऐकलेलं दुसऱ्या दिवशी वावरात सांगितल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. पहिल्याच दिवशी शेजारच्या तासात, म्हणजे ओळीत, वेचणारी गोमतीबाई, तिची जिवाभावाची मैत्रीण, म्हणाली, “दिवसा गोष्ट सांगू नोको व सोजरे. मामा वाट चुकते म्हन्तात.”

“मले मामाच नाई. कोन वाट चुकन?”

बाया हसल्या, पण त्यांना सगळं माहीत होतं. संवत छप्पनच्या दुकाळात, पस्तीसेक वर्षांमागे, एक बाई चार वर्षांची पोर घेऊन गावात आली. पोरीला तिने प्रयागबाईच्या अंगणात बसवलं, “खडी फोडाच्या कामावर जातो, आठ दिवसांत येतो,” म्हणाली आणि गेली ती गेलीच. ती पोर म्हणजे सोजरबाई. प्रयागबाईने तिला पोटच्या लेकीसारखं वाढवलं, गावातच उजवलं. आईचं नाव मनकर्णा, एवढंच काय ते मागे उरलं. कोणी विषय काढलाच तर सोजरबाई म्हणे, “माय येईन ना. खडी लय हाये तिकडं.” आणि हसे. तिची बाकी सगळी हसणी खरी असत, हे तेवढं उसनं.

तर लढाई. तिची सुरुवात तिने अशी केली: “एक देश होता. आडवा फाटला, जुनं लुगडं फाटते तसा. वरल्या तुकड्यात कारखाने, खालच्या तुकड्यात कापूस.”

“कापूस?” सगळ्या माना एकदम वर झाल्या. “मंग खालचे आपले!”

झालं. तीस-पस्तीस बायांनी एका दमात खालच्यांची बाजू घेऊन टाकली. कापूस पिकवणारा माणूस वाईट असेलच कसा? गोमतीबाईने तर खालच्यांचा विजय व्हावा म्हणून बांधावरच्या मरीमायला नारळ कबूल केला.

सोजरबाईने त्यांना हौस भागवू दिली. मग सावकाश विचारलं, “पन थो कापूस वेचे कोन, सांगा बरं?”

“कोन वेचन? आपल्यासारख्या बाया.”

“तुले कोनी इकत आनलं काय व गोमते?”

“मले? कोनाची छाती हाये?”

“त्यायले इकत आनत. बैलबाजारात आपन दात पाह्यतो ना, तसे मानसाचे दात पाहून. माय एकाले, पोट्टी दुसऱ्याले. पळून गेलं का मागं कुत्रे. वरले म्हनत, हे बंद करा. खालचे म्हनत, मंग आमचा कापूस कोन वेचन? याच्यावरून जुंपली.”

मग एकेक बाई मुकाट्याने वरल्यांकडे सरकली. गोमतीबाई तेवढी दोन दिवस खाली राहिली, कारण नारळ कबूल करून बसली होती. तिसऱ्या दिवशी तिने मरीमायची समजूत घातली आणि नारळ वरल्यांच्या नावावर फिरवून घेतला.

पण लढाईत नुसते सेनापती आणि तोफा. बायांच्या ओळखीचं त्यात कोणीच नव्हतं. म्हणून सोजरबाईने त्यात एक बाई घातली. काळी, उंच, वेचून वेचून बोटं फाटलेली. तिची लहानगी पोर बाजारात दुसऱ्या मालकाला विकली गेलेली. आता तिचं नाव काय? तिकडची नावं जिभेवर बसेनात. “मनकर्णा,” सोजरबाई बोलून गेली. गोमतीबाईने चटकन तिच्याकडे पाहिलं, आणि आपल्या ओटीतला मूठभर कापूस तिच्या ओटीत टाकला.

त्या दिवसापासून मनकर्णा पोरीच्या शोधात पळत सुटली. नद्या पोहली, रानात लपली, वरल्यांच्या फौजेला भाकरी थापून घातल्या. आजूबाजूच्या वावरांतल्या बाया तिच्यासाठी नानाजींकडे कामाला येऊ लागल्या. नानाजीही निंबाखाली येऊन बसत. पाठ बायांकडे, कान मात्र गोष्टीकडे. एक दिवस त्यांना राहवलं नाही.

“सोजरबाई, थे लढाई जराशी लांबव ना.”

“काहून मालक?”

“आमचे आजे सांगत. तिकडचा कापूस इलायतेच्या गिरन्यायले जानं बंद झाला आन आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला. आमची मोठी विहीर त्याच सालची हाये.”

“म्हन्जे आमची मनकर्णा तिकडं रानोमाय भटकून राह्यली, आन तुमी इकडं विहीर बांधून राह्यले?”

बायांनी हसून वावर डोक्यावर घेतलं. नानाजी पटक्याने तोंड पुसत घरी गेले, पण दुसऱ्या दिवशी परत हजर. बाजू मात्र त्यांनी सोडली नाही. कापूसवाल्याने कापूसवाल्याला सोडायचं नसतं, असं त्यांचं रोखठोक मत होतं.

आणि ऐन रंगात गुरुजींची बदली झाली. लढाईचं तिसरं साल चालू होतं, तीन दिवसांची घनघोर झुंज होऊन खालचे मागे हटले होते, आणि गुरुजींच्या हातात इंझोरीच्या शाळेचा कागद पडला. पुस्तक ट्रंकेत गेलं आणि ट्रंक गाडीत.

“पुढं काय झालं?” बाया विचारू लागल्या. सोजरबाईला शेवट रचता आला नसता असं नाही. अख्खा पावसाळा राक्षसांच्या गोष्टी रचत घालवणारी बाई ती. पण ही लढाई खरी होती. विकलेली खरी माणसं सुटली की नाही, हे आपल्या मनाने कसं ठरवायचं? आणि ते कळल्याशिवाय मनकर्णाला पोर सापडणार कशी? माणसं विकलेलीच राहिली असतील, तर तिने कुणाच्या दारात जाऊन शोधायचं? दोन दिवस तिने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी तिचं तोंड बंद झालं. हात बंद झाले. तिच्यामागे सगळ्या बायांचे झाले.

फुटलेला कापूस बोंडांतून लोंबू लागला. नानाजी धावत वावरात आले.

“काय पाह्यजे तुमाले?”

“लढाई कोनं जिकली थे पाह्यजे,” गोमतीबाई म्हणाली.

असली मागणी पंचक्रोशीत कुणा वावरवाल्यापुढे आली नसेल. नानाजींनी डोकं खाजवलं, कापसाकडे पाहिलं आणि हाक मारली, “लखमा, दमणी जुंप.” लखमा त्यांच्याकडे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी. त्याने बैल असे झटपट जुंपले की तो कोणाच्या बाजूचा होता हे सगळ्यांना कळून चुकलं. दमणी निघताना नानाजी जवळ येऊन हळूच म्हणाले, “खालच्यायची इज्जत राह्यली का, तेवढं इचारजो बाई.”

पंधराएक कोसांची वाट, मधे एक मुक्काम. दमणीत सोजरबाई आणि सोबतीला गोमतीबाई. गावोगावी लोक विचारत, “कुठं जाऊन राह्यल्या माय?”

“लढाईची खबर आनाले,” गोमतीबाई सांगे. “आमच्या मनकर्णीची पोट्टी सापडत नाई.”

लोक हळहळत. एका म्हातारीने तर डोळे पुसत ओंजळभर जांब दमणीत टाकले. ते खाताना दोघींना इतकं हसू आलं की लखमाने बैल थांबवून मागे वळून पाहिलं.

इंझोरीच्या शाळेत गुरुजींनी या तिघांना दारात पाहिलं आणि त्यांच्या हातातला खडू गळून पडला. लढाईचा शेवट विचारायला पंधरा कोसांवरून माणसं आली, हे ऐकून त्यांनी पोरांना सुट्टीच देऊन टाकली. पायरीवर बसून सगळं सांगितलं. चौथ्या साली खालच्यांनी शस्त्रं खाली ठेवली. देश पुन्हा एक झाला. विकत आणलेली चाळीस लाख माणसं मोकळी झाली. आणि ज्या उंच, किडकिडीत अध्यक्षाने हे घडवलं, त्याला शस्त्रं खाली ठेवल्यानंतर पाचव्याच दिवशी कोणी गोळी घातली. गोमतीबाई भडभडून रडली. लखमाने डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

“आन मनकर्णीले पोट्टी सापडली का?” सोजरबाईने विचारलं.

“कोण मनकर्णा?” गुरुजींनी पानं चाळली. मग गोमतीबाईने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

“अशा आया हजारो होत्या, बाई. मोकळ्या झाल्यावर पायी पायी शोधत फिरल्या. वर्षानुवर्षं. वर्तमानपत्रातसुद्धा नावं छापून विचारत होत्या, माझी लेक कोणी पाहिली का.”

“मंग? सापडल्या?”

“काहींना सापडल्या. बहुतेकींना नाही.” मग ते मास्तरच ते, म्हणाले, “इतिहासात मनाचं घालू नये, सोजरबाई.”

“लढाई तुमची, गुरुजी. थिच्यातला एक गोटा मी इकडचा तिकडं करनार नाई. पन मनकर्णा माही हाये.”

परतीच्या वाटेवर ती बोलली नाही. लखमाने दोनदा विचारलं, बाईला ताप आहे का. ‘बहुतेकींना नाही’ हे दोन शब्द तिच्या छातीत रुतून बसले होते. पस्तीस वर्षं तिने ‘माय येईन’ म्हणून काढली होती. आता बायांना खरं ते सांगायचं, नाही सापडली म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, असं तिने गावाच्या शिवेवर ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया वावरात आधीच हजर. कोणी ओटी बांधलेली नाही. नानाजी निंबाखाली, या वेळी तोंड बायांकडे करून. सोजरबाईने लढाई सांगितली, गुरुजींनी सांगितली तशीच. माणसं मोकळी झाली म्हणताच बायांनी असा कल्ला केला की पाखरं उठली.

“आन इज्जत?” नानाजींनी विचारलं.

“राह्यली मालक. जिकनाऱ्यायनं खालच्यायले कैद नाई केलं. घोडेबी संगं देल्ले आन घरी लावलं. पेरनीचे दिवस होते म्हनून.”

“हे बराबर केलं,” नानाजींनी मान हलवली. “पेरनी चुकाले नोको.”

“आन मनकर्णा?” गोमतीबाईने विचारलं.

“मनकर्णा चालत गेली. गावोगाव इचारलं. केस पिकले, पाय फुटले...” सोजरबाई थांबली. ‘नाही सापडली’ म्हणायला तिने तोंड उघडलं. समोर तीस-पस्तीस चेहरे. आणि तिला एकदम असा राग आला, त्या बाजाराचा, त्या दुकाळाचा, त्या खडीचा, की तो शब्द तिच्या तोंडून निघेना.

“सापडली,” ती म्हणाली. “एका वावरात कापूस वेचून राह्यली होती. मोठी झालती. तिनं मायकडं पाह्यलं, पन वळखलं नाई.”

“मंग माय काय म्हने?”

“काई नाई. तिनं ओटी बांधली आन पोरीच्या बाजूचा तास धरला. वेचाले लागली.”

“सांगलं नाई, मी तुही माय म्हनून? किती येळ?”

“सांजलोक. मायले घाई नोती. सापडली होती ना.”

तेवढ्यात निंबाखालून घोगरा आवाज आला.

“आन पोरीनं वळखलं का नाई शेवटी?”

“वळखलं मालक.”

“खरं सांग.”

“वळखलं. आवाजावरून वळखलं.”

नानाजींनी मोठा सुस्कारा सोडला आणि पटका डोळ्यांना लावला. “मंग बरं झालं बाप्पा,” ते म्हणाले, “आपले लोक हारले थे.”

आधी गोमतीबाई हसली, मग सगळं वावर. सोजरबाई हसता हसता मटकन खाली बसली आणि मोकळेपणाने, कोणाची लाज न धरता, आईसाठी रडली. बाया तिच्याभोवती बसून राहिल्या. त्या दिवशी वेचणी दुपारनंतर सुरू झाली, आणि नानाजी कोणाला काही बोलले नाहीत.