मी पाळलेलं भूत

चौकात उभी राहून मी पुष्कळ बोलले आहे — भगतांविरुद्ध, गंडेदोऱ्यांविरुद्ध, अंगात आणून घुमणाऱ्यांविरुद्ध. माझा आवाज मोठा आहे, सोलापुरात बऱ्याच जणांना तो सोसवतही नाही. पण एक गोष्ट सांगायची म्हटली की हाच आवाज कामाला येत नाही. वडिलांना ती सांगितली नाही, वर्गातल्या मैत्रिणीला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच. तुम्हांलाच का सांगते आहे? कोण जाणे — तुम्ही मला नुसतं वाचता, समोर बसून माझ्या डोळ्यांत बघत नाही, म्हणून असेल.

आणि गोष्ट रडकी आहे असं समजू नका. रडकी असती तर केव्हाच सांगून मोकळी झाले असते. ते दिवस आठवले की मला हसू येतं — अजूनही येतं — हीच तर अडचण आहे.

माझे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. सुधारणेची पत्रकं स्वतःही लिहायचे, आणि छपाईत बिघडलेले कागद घरी आणायचे. आमच्या फडताळात पत्रकं अंथरलेली, पिठाच्या डब्यावर पत्रकं झाकलेली. "बंधूंनो, जागे व्हा!" हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते आत्तीनं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीनं. ती मोहोळकडची, अक्षर न ओळखणारी, तोंडाची फटकळ. शेंगाची चटणी कुटावी तर तिनंच. दाण्यांना तेल सुटेपर्यंत तिचा हात थांबायचा नाही. मग चिमूटभर चटणी तळहातावर घ्यायची, जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "आता हाय." दिवसभरात तिची चैन म्हणाल तर एवढीच.

पंधरा-सोळा वर्षांची असेन. उन्हाळा होता. मॅट्रिकच्या वेडानं मी रात्र रात्र वाचायची आणि दुपारी मागच्या खोलीत उताणी पडायची. एका दुपारी डोळे उघडले आणि — अंग माझं राहिलंच नव्हतं. आढं दिसत होतं, दोरीवरचं लुगडं दिसत होतं, पण करंगळी हलेना. छातीवर कुणीतरी बसलेलं. आणि दाराकडून धप्‌ — धप्‌ — कुणीतरी येतंय. मी आत्तीला हाक मारली. हाक आतच राहिली. अशी किती वेळ पडले होते, सांगता येणार नाही. एवढ्यात गिरणीचा भोंगा झाला आणि मी सुटले.

ती धपधप म्हणजे शेजारच्या खोलीतलं आत्तीचं उखळ होतं. पण ते तेव्हा कुठं सुचायला? पत्रकांवर वाढलेली ही जागी मुलगी धावत जाऊन आत्तीच्या पदरात शिरली.

"छातीवर बसलं व्हय?" आत्तीनं वर आढ्याकडं बघून हात नाचवला. "मेल्याला दुसरी जागा गावली न्हाय?" आणि तिथल्या तिथं नवस बोलली — पोरीच्या छातीवरनं उठंपतूर शेंगाची चटणी तोंडाला लावणार न्हाय.

मी घाम पुसत म्हणाले, आत्ती, भूतबीत काही नसतं. त्यावर ती म्हणाली, "नसंल तर लवकर जाईल की!"



पुढं ते तीन-चारदा आलं. नेहमी दुपारी, नेहमी उताणं निजल्यावर. आणि त्याच सुमाराला मोहोळचे काका, वडिलांचे थोरले भाऊ, माढ्याचं स्थळ घेऊन आले. वडील पत्रकांतून स्त्रीशिक्षणावर गर्जायचे. पण काकांपुढं त्यांचा आवाज अगदी बारीक खिळ्यांत यायचा. बघू तर खरं, म्हणाले. म्हणजे माझी शाळा संपली — हे मला कळलं, वडिलांनाही कळलं.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं मला न्याहाळलं. "पोर वाळलीया. दुखतंय-खुपतंय काय?" आत्तीला खोटं बोलता यायचं नाही. ते तिच्या घडणीतच नव्हतं. "छातीवर बसतंय तिच्या," ती म्हणाली. "म्या नवस बोललीया."

बशीतला चहा बशीत राहिला. लागीर असलेली पोर कोण नेणार?

काका भडकले. "आक्का, जिभेला काय हाड?"

"चटणी सुटली. जिभेला बोलायचं तरी काम नगं व्हय?"

मी मागच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि भूमितीचं पुस्तक आढ्यापर्यंत उडवलं. त्या एका दुपारइतका आनंद मला पुढं निकालाच्या दिवशीही झाला नाही. मला भिववणाऱ्यानंच मला सोडवलं होतं! इथवर माझा काही गुन्हा नव्हता, हेही ध्यानात घ्या. गुन्हा पुढं आहे.

पावसाळा सरता सरता शाळेत मुलींना तपासायला एक डॉक्टरीणबाई आल्या. मी त्यांना विचारलं — माझ्या एका मैत्रिणीला असं असं होतं. त्या हसल्या. "तुझ्या मैत्रिणीचं डोकं अंगाच्या आधी जागं होतं. अंग अजून झोपेतच असतं, म्हणून हलत नाही. भीतीनं छाती दडपते, आणि अर्धवट स्वप्न चालू असतं त्यात माणसं दिसतात. तिला म्हणावं, रात्री नीट झोप, कुशीवर झोप. आणि तसं झालंच तर धडपडू नकोस. श्वास संथ घे आणि पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न कर. अंगठा हलला की सगळं सुटतं."

एवढंच? एवढंच! घरी येताना मी वाटेत चक्क नाचले. पुढच्या वेळी ते आलं तेव्हा मी त्याची जणू वाटच बघत होते. छातीवर तो बसलेला, मी आपली संथ श्वास घेत अंगठ्याशी बोलते आहे — हल बाबा, हल. हलला! मी पडल्या पडल्या खदखदा हसले. मग मी वेळेवर झोपू लागले, कुशीवर वळू लागले, आणि ते येईनासं झालं. कधी मधी आलंच तर ओळखीचं माणूस दारात डोकावून जावं तसं.

त्या डॉक्टरीणबाईंना भेटले त्याच संध्याकाळी आत्तीला सांगायचं होतं. ती उखळापाशी होती. "आत्ती, कळलं बघ काय असतं ते" — शब्द ओठांवर होते — आणि ओसरीत मला काकांच्या वहाणा दिसल्या.

मी शब्द गिळले.

आता पुढचं सांगते — किती फिरून आले ना इथवर? — मी ते भूत पाळलं. त्याला खाऊपिऊ घातलं. काका नवं स्थळ घेऊन आले की मी मागच्या खोलीत आडवी व्हायची आणि त्यांचा चहा निम्मा झाला की कण्हायला लागायची. खऱ्या दडपणात आवाज फुटतच नाही, पण ते काकांना कुठं ठाऊक! एकदा तर मी असा सूर लावला की काका टोपी विसरून गेले. उशीत तोंड खुपसून मी हसत होते. आणि आत्ती — ती धावत आत आली, माझे तळपाय तेलानं चोळत राहिली. "आज लईच छळलं की गं मेल्यानं," म्हणाली. आणि पाहुणे गेले तरी माझ्या पायाशीच बसून राहिली.

तरीही मी बोलले नाही.

मॅट्रिक होईपर्यंत हे चाललं. दोन वर्षं आत्ती रोजची चटणी कुटत होती आणि चाखत नव्हती. उखळावरून हाक यायची, "पोरी, मीठ बघ की!" तिच्या जागी मी चिमूट घ्यायची, मी डोळे मिटायची, मी म्हणायची — "आता हाय." ती माझ्या तोंडाकडं बघत बसायची. एकदा वडील म्हणाले, आज जरा अळणी वाटते. "तुमच्या छापखान्यात चुका हुत न्हाईत व्हय?" म्हणून तिनं त्यांना गप्प केलं. चूक माझी होती. जिभेची नव्हे — कळतंय ना तुम्हांला?

मी पास झाले. पोर पुढं शिकणार, असं वडिलांनी काकांना सांगितलं, तेही ठळक खिळ्यांत. त्याच दिवशी मी आत्तीला म्हणाले, आत्ती, आता नाही बसत कुणी. गेलं. तिनं आधी देवीला हात जोडले आणि मग आळीतल्या बायका गोळा केल्या. अंगणात बसून कडक भाकरीचा तुकडा, त्यावर चटणी — डोळे मिटले.  मग तिनं एक डोळा उघडला. "मीठ कमी हाय की गं! दोन वरसं ह्येच खायला घातलंस व्हय समद्यांस्नी?" अंगण हसून फुटलं. मीही हसले, पोट धरून हसले. तेव्हा सांगता आलं असतं. सगळे इतके खुशीत होते, की तेव्हा मला कुणी रागावलंही नसतं.

त्यानंतर मी माझं पहिलं पत्रक लिहिलं — छातीवर कुणी बसत नाही. अंगठ्याची युक्ती त्यात आहे, झोपेचं शास्त्र आहे. आणि एक वाक्य भगतांना उद्देशून आहे: "जो भूत मानतो तो अडाणी, पण जो आपल्या सोयीसाठी भूत पाळतो तो अपराधी." वडील खिळे जुळवता जुळवता त्या वाक्यापाशी थांबले, म्हणाले, हे मोठ्या टायपात घेऊ. घेतलं. पत्रक गावभर वाटलं गेलं. पुढं कितीतरी घरांतल्या मुली मला वाटेत थांबवून म्हणाल्या, ताई, अंगठा हलला!

ते पत्रक मी आत्तीलाही वाचून दाखवलं. ती जेवायला बसली होती. शेवटपर्यंत मन लावून ऐकलं, मधे एकदाही फटकारलं नाही.

"पटलं मला," ती म्हणाली. "न्हाईत भुतं. कुनाच्या छातीवर कोन बसत न्हाय. तुझ्या तेवढं बसत हुतं, न्हवं?"

मी म्हणाले, माझ्याच कसं, आत्ती?

"कसं म्हंजे? तूच सांगत हुतीस की. तू कशाला खोटं बोलशील?"

हातात पत्रक होतं. मोठ्या टायपातलं ते वाक्य माझ्याकडं बघत होतं.

"व्हय, आत्ती," मी म्हणाले. "बसत होतं."

तिनं मान हलवली, माझ्या हातातलं पत्रक घेतलं, नीट घडी करून चटणीच्या डब्यावर झाकलं. मग भाकरी मोडली, चटणीत दाबली आणि पहिला घास मला दिला.

मी खाल्ला. मीठ अगदी बरोबर होतं.