बिनभात्याची पेटी

क्लासच्या दारात चपला साठतात तसे किस्से साठतात. कोणी मुद्दाम आणून ठेवत नाही, पण संध्याकाळी बघावं तर पाय ठेवायला जागा नसते! मी रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी मोठ्या माणसांना पियानो शिकवते. मोठी म्हणजे चाळिशीच्या पुढची. लहान मुलांना शिकवत नाही, कारण ती सराव करत नाहीत. मोठी माणसंही करत नाहीत, पण कारणं तरी चांगली देतात.

गंमत अशी की जो येतो त्याला एकच गाणं शिकायचं असतं. चाळीसएक वर्षांपूर्वीचं, विरहाचं, संथ चालीचं गाणं. अलीकडे रील्समुळे ते पुन्हा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घुसलं आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की तुम्ही ते गुणगुणत बसाल आणि पुढचं काही वाचणार नाही. आमच्या क्लासमध्ये त्याला नुसतं 'ते गाणं' म्हणतात.

*

मी मूळची पुण्याची. नवऱ्याच्या बदलीने इथे आले आणि मग नवऱ्याची पुढची बदली आम्ही दोघांनी मिळून रद्द करून घेतली. पहिल्या वर्षी दारावर पाटी लावली, 'पेटी व पियानो क्लास'. खाली मोबाइल नंबर.

एप्रिल उजाडला आणि फोन वाजायला लागले.

"पेटी मिळेल काय हो?"

मी हरखले. म्हटलं, "मिळेल की. साधी हवी की स्केलचेंजर?"

पलीकडून आवाज आला, "मॅडम, मला हापूसची हवी. हे स्केलचेंजर कलम कुठलं? नवीन काढलंय काय दापोलीच्या कृषी विद्यापीठवाल्यांनी?"

रत्नागिरीत पेटी म्हणजे आधी आंब्याची, मग वाजवायची, हे मला तेव्हा कळलं. पाटीवरचा 'पेटी' शब्द त्याच दिवशी खोडला. आता नुसता पियानो शिकवते. तरी गेल्या मेमध्ये एकाने विचारलंच, "पियानो डझनावर देता काय?" तो चेष्टा करत होता असं मी अजून धरून चालते आहे.

*

प्रसाद जयगडच्या बंदरात क्रेन चालवतो. शिफ्ट संपली की तिथून मोटारसायकल मारत येतो. पियानोत सगळ्यांचं घोडं अडतं ते दोन हातांच्या कामावर. उजवा हात चाल वाजवतो, डावा खाली कॉर्ड धरतो, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. प्रसादने पहिल्याच आठवड्यात दोन्ही हात वेगवेगळे चालवून दाखवले!

मी थक्क. "कुठे शिकलास?"

"मॅडम, क्रेनमध्ये दोन लिव्हर असतात. एक हात चुकला तर कोळसा समुद्रात!"

दीड महिन्यात त्याने ते गाणं पूर्ण बसवलं. एक सूर चुकला नाही. पण ऐकताना असं वाटायचं की कोणीतरी विरह उचलून व्यवस्थित दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवतंय. शेवटी मी म्हटलं, "प्रसाद, सगळं बरोबर आहे रे, पण थोडी भावना आण ना त्यात."

तो गंभीर झाला. "मॅडम, भावनेनं क्रेन चालवली तर सस्पेंड करतात."

*

रेश्माताईंचं दुखणं नेमकं उलटं. त्या मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव पुकारतात. भावना भरपूर! गाण्याचा पहिला सूर वाजला की डोळ्यांत पाणी. पण वेग? चार मिनिटांचं गाणं त्या दीड मिनिटात संपवायच्या. मी टकटक ठेका देणारा मेट्रोनोम लावला, तर त्यांनी मेट्रोनोमलाच दम भरला, "चल रे, चल, काय झोपतोस!"

"रेश्माताई," मी समजावलं, "तो तिला सोडून चाललाय. त्याचं पाऊल निघत नाहीये. सावकाश जाऊ दे त्याला."

"मॅडम, सावकाश केला ना, का माल नरम पडतो."

मी मेट्रोनोम बंद केला. पुण्यात असं काही शिकवलं नव्हतं.

*

आणि मग दसऱ्याच्या सुमारास गंगारामबुवा आले.

बुवा संगमेश्वरच्या आतल्या गावातले. वय पासष्टच्या आसपास, गळ्यात माळ, डोक्यावर पांढरी टोपी. तीस वर्षं मुंबईत छापखान्यात नोकरी केली, गाववाल्यांबरोबर एका खोलीत, गाळ्यावर राहिले. बायको, आमच्या सुलोचनाकाकी, गावाला शेती सांभाळून. गणपतीला आणि शिमग्याला काय ती भेट. आता दोघं रत्नागिरीलगत नाचणे गावात मुलाच्या बिऱ्हाडाशेजारी राहतात. बुवांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, पंचक्रोशीत प्रसिद्ध. भजनाच्या बारीला, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याला, बुवा बसले की समोरचा बुवा आधी पाणी मागतो म्हणे.

मी म्हटलं, "बुवा, तुम्हाला मी काय शिकवणार?"

बुवांनी ते गाणं सांगितलं.

"अहो, ते तर तुम्ही पेटीवर आत्ता वाजवाल!"

"वाजवीन. पण वाजवायचा नाय." मग त्यांनी सांगितलं. गुरूंनी पेटी हातात देताना वचन घेतलं होतं, पेटीवर देवाशिवाय दुसरं काही वाजवायचं नाही. बुवांनी ते पंचेचाळीस वर्षं पाळलं. आणि तिकडे काकी, लग्न झाल्यापासून, दर गणपतीला एकच मागणं मागत आल्या, "आपल्या लग्नात कर्ण्यावर लागलेला ता गाणा वाजवा ना एकदा."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"सांगायचो, मला येत नाय."

"खरं का नाही सांगितलंत?"

"खरा सांगितला असता तर ती गुरूंशी भांडायला गेली असती. गेलीच असती! तुमाला ठावं नाय ती."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. पंचक्रोशीत नावाजलेला माणूस, आणि बायकोपुढे चाळीस वर्षं 'येत नाही' म्हणत राहिला. येत्या मेमध्ये लग्नाला चाळीस पूर्ण होणार होती. त्या दिवशी तिला ते ऐकवायचं, आणि तोवर तिला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढंच बुवांच्या मनात होतं.

मग त्यांनी पियानोभोवती एक फेरी मारली. मागून वाकून पाहिलं. "मॅडम, ह्याला भाता कुटं?"

"पियानोला भाता नसतो बुवा."

"नक्की ना?"

"नक्की."

बुवांनी हात जोडले, डोळे मिटले, बहुधा गुरूंना कळवलं, आणि बसले. "मंग ही पेटी नव्हं. शिकवा!"

*

पियानोला भाता नव्हता, पण बुवांच्या डाव्या हाताला हे कोण सांगणार? उजवा हात चालीवर पडला की डावा हवेत पुढे-मागे, पुढे-मागे. न दिसणारा भाता! मी म्हटलं, "बुवा, डावा हात मांडीखाली दाबून बसा." बसले. तर डावा गुडघा हलायला लागला.

प्रसादने तोडगा काढला. "बुवा, डाव्या हाताला काम नाही म्हणून तो हलतो. त्याला वजन द्या." म्हणून डाव्या हाताचा पहिला कॉर्ड आम्ही बुवांना घाईनेच शिकवला. सी, ई आणि जी, तीन सूर एकदम. तो मात्र त्यांनी पोटच्या पोरासारखा जपला.

दुसरी अडचण अवघड होती. बुवा गाण्याची एक ओळ वाजवायचे आणि थांबायचे. पुढे जायचेच नाहीत.

"काय झालं बुवा?"

"कोरस."

भजनात बुवांनी ओळ म्हटली की मागचे झीलकरी ती उचलून परत म्हणतात. ते झाल्याशिवाय पुढची ओळ नाही. पंचेचाळीस वर्षांची सवय! आता विरहाच्या गाण्याला कोरस कुठून आणू? शेवटी रेश्माताई आणि प्रसाद मागे उभे राहून प्रत्येक ओळ उचलायला लागले. रेश्माताईंनी तर टाळ्याही धरल्या. वरच्या मजल्यावरच्या आजी एके दिवशी खाली आल्या, पियानोला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "प्रसाद कधी मिळेल?"

प्रसाद म्हणाला, "मीच प्रसाद."

*

गुपित पाळणं हे बुवांचं काम नव्हे. मंगळवारी आणि शुक्रवारी घरातून निघताना ते काकींना सांगायचे, "बँकेत जातो, केवायसी हाय." सहा महिने केवायसी! शेजारणीने काकींना विचारलं, "अगो, तुझ्या घोवाचा फोटो जमत नाय काय बँकवाल्यांना?"

त्यात घरी पियानो नाही. म्हणून बुवा सकाळच्या चहाला टेबलावर बोटं चालवायचे आणि तोंडाने सूर पुटपुटायचे. काकींनी दोन आठवडे पाहिलं आणि थेट डॉक्टरकडे नेलं.

"काय होतंय?" डॉक्टर.

"डाव्या हाताची बोटं हलतात," काकी म्हणाल्या. "करंगळी, मंग मधला, मंग अंगठा. आणि सारखा एकच बडबडतात. सीईजी, सीईजी."

डॉक्टर एकदम सावध झाले. "ईसीजी म्हणत असतील. डावा हात ना? छातीत दुखतंय काय बुवा?"

बुवा काय बोलणार? खरं सांगावं तर काकी समोर. गप्प राहिले. गप्प राहिले म्हणून डॉक्टरांना जास्तच संशय आला, आणि बुवांना आडवं करून, वायरी लावून, रीतसर ईसीजी काढला. नॉर्मल आला.

शुक्रवारी बुवा क्लासला आले ते दारातूनच ओरडत. "मॅडम, कॉर्ड बदला! ह्या कॉर्डान मला कॉटवर झोपवलान!"

*

मेमधला तो रविवार. दुपारी चारची वेळ. काकींना आणायचं कसं, हा प्रश्न बुवांनीच सोडवला होता. सांगितलं, मॅडमकडे सत्यनारायण आहे. त्यामुळे काकी नवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन आल्या आणि खोलीभर बघायला लागल्या.

"पूजा कुटं हाय?"

काकींनीच अंदाज घेतला, खोलीत मधोमध मांडलेली वस्तू एकच होती, म्हणून नारळ पियानोवर ठेवला आणि हात जोडले. मी नारळ हळूच उचलून बाजूला घेतला. रेश्माताईंनी काकींना खुर्चीत बसवलं.

बुवा पियानोसमोर बसले. टोपी काढली, परत घातली. मला म्हणाले, "मॅडम, शंभर बाऱ्या केल्या, पण ही बारी अवघड हाय." आणि वाजवायला लागले.

मी मागे उभी राहून मनातल्या मनात मात्रा मोजत होते. पहिली ओळ झाली. बुवा थांबले नाहीत. दुसरी झाली. डावा हात कॉर्डवर घट्ट. कडव्यात एक सूर निसटला, तो त्यांनी भजनातल्यासारखा घोळवून घरी आणला. प्रसादची बोटंही हवेत कॉर्ड धरत होती. रेश्माताई रडत होत्या, पण त्या रडतातच. शेवटचा सूर बुवांनी हलकेच सोडला, आणि बायकोकडे पाहिलं.

काकी खुर्चीत ताठ बसलेल्या. पदर हातात गोळा केलेला.

"चांगला वाजवलात," त्या म्हणाल्या. "पण ह्या गाणा तुमच्याकडचा."

"म्हंजे?"

"तुमच्या वाडीत वरात निघताना कर्ण्यावर ह्या लागलेला असंल. मी कुटं तिथं होते? मी गुहागरात, हळद लावून बसलेली. आमच्या मांडवात कर्ण्यावर दुसराच होता. तुम्ही यायला उशीर केलात, तर तोच एक गाणा तीनदा लागला."

प्रसादने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आठ महिने! दर मंगळवार आणि दर शुक्रवार!

बुवांचा चेहरा मला बघवेना. पट्ट्यांवरून मान वर न करता ते म्हणाले, "कुठला गो?"

काकींनी कधी चारचौघांत गायलं नव्हतं, हे बुवांनीच नंतर सांगितलं. त्यांनी जमिनीकडे पाहत, अगदी बारीक आवाजात, एक ओळ म्हटली. दुसरीला अडखळल्या. तेवढ्यात बुवांचा उजवा हात उठला आणि त्या जिथे अडखळल्या होत्या नेमका तिथे पट्टीवर पडला. काकी पुढे गेल्या. बुवा मागे. समोर कागद नाही, नोटेशन नाही, माझी एक सूचना नाही. कडवं आलं तेव्हा डावा हातही आपणहून खाली आला आणि मी कधीच न शिकवलेले सूर धरत गेला. ते गाणं आम्ही कोणी बुवांना शिकवलं नव्हतं, आणि बुवांनी ते पहिल्या फटक्यात, मुखड्यापासून शेवटापर्यंत, काकींच्या आवाजाखाली धरून नेलं.

गाणं संपलं. बुवांनी टोपीने डोळे पुसले.

काकींनी पदर सोडला, नवऱ्याकडे एकदा, पियानोकडे एकदा पाहिलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर जोरात ओरडल्या.

"म्हंजे येत व्हता तुमाला!"